व्यंकय्याची ओली बंडी

मे महिन्यात, सोलापुरात, दुपारी एक वाजता मी अंगात रेग्झिनचं बंद जाकीट घालून उघड्या मैदानात उभा राहिलो आणि अर्ध्या तासाच्या आत पालथा पडलो. जाकीट मी स्वतः बेतून शिवून घेतलं होतं. माणसाला ऊन लागू नये म्हणून.

पडलो तोही धड पडलो नाही. समोर बांबूवर नुकत्याच रंगवलेल्या लाल सुताच्या लडी निथळत होत्या, त्यांना मिठी मारून पडलो. डोळे उघडले तेव्हा गाल, मान, दोन्ही हात लालभडक, आणि गिरणीतली अर्धी माणसं भोवती. कुणीतरी “रक्त! रक्त!” म्हणून ओरडत होतं. माझ्या डोक्याशी एक काळा, सुकलेला, करड्या मिशांचा माणूस उकिडवा बसला होता. तो शांतपणे म्हणाला, “रक्त न्हाय. पक्का रंग हाय. आठ दिवस जात न्हाय आता.”

तो व्यंकय्या. ते जाकीट मी त्याच्यासाठीच केलं होतं.

ही मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. मी कोल्हापूरकडचा. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला ऊन म्हणजे दोन पावसाळ्यांमधली सुट्टी वाटते. बी.एस्सी. झालो, नेमकं काय शिकलो ते कळायच्या आत सोलापूरच्या एका कापड गिरणीत वेल्फेअर ऑफिसात असिस्टंट म्हणून चिकटलो. कामगारांचं कल्याण करायचं, असं कामाचं स्वरूप. ते खरोखर करायचं असतं अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीपायी त्या गिरणीचं, माझं आणि दोन उत्तम चादरींचं नुकसान झालं.

गिरणीत चादरी आणि टर्किश टॉवेल निघत. रंगखात्याच्या मागे सूत वाळवायचं मैदान होतं. झाड नाही, छप्पर नाही, नुसत्या बांबूंच्या रांगा आणि त्यांवर टांगलेल्या लडी. लाल, हिरव्या, जांभळ्या, हळदी. सकाळी लांबून बघितलं तर जत्रा भरल्यासारखं वाटे. दुपारी बघायची सोयच नव्हती, डोळे मिटत. पण लडी एकदा टांगली म्हणजे काम संपलं असं नसतं. ती सारखी फिरवावी लागते, नाहीतर रंग उतरून खालच्या टोकाला बसतो आणि एक बाजू गडद, दुसरी फिकी होते. आणि ऊन जितकं कडक तितकी फिरवायची घाई जास्त. म्हणजे सगळी गिरणी सावलीला पळायची तेव्हा व्यंकय्या मैदानात उतरायचा.

जुना माणूस. घरात तेलुगू, गिरणीत सोलापुरी मराठी, आणि स्वतःशी बोलताना दोन्ही. टायरच्या चपला, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला ओलं पागोटं. सूर्याला तो ‘म्हातारा’ म्हणायचा. “आज म्हातारं येडं झालंय,” किंवा “म्हाताऱ्याला आज झोप लागलीय, लडी काय वाळत न्हाईत.” पण त्याला शिवी कधी दिली नाही. मी एकदा वैतागून उन्हाला काहीतरी बोललो तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या मुकादमाच्या तोंडावर बोललो. “त्याच्यावर माझी चूल हाय की सायब.”

घड्याळ वापरत नसे. आपली सावली किती पावलं आहे ते बघून भोंगा कधी होणार ते सांगे, आणि भोंगा पुढे-मागे झाला तर भोंग्याची चूक धरे. लडी वाळली का हे हाताने न बघता कानाशी नेऊन चोळून बघायचा. “वाळली की बोलती.” मी खूपदा कान लावला. मला काही बोलली नाही.

आता जाकिटाकडे येतो. आदल्या उन्हाळ्यात व्यंकय्या मैदानात पडला होता. लडी फिरवता फिरवता त्याचा घाम थांबला, तो तेलुगूत काहीबाही बरळायला लागला, आणि खाली बसला तो उठलाच नाही. दोन दिवस दवाखान्यात. गिरणीच्या डॉक्टरांनी त्याच्या कार्डावर शेरा मारला, की पुन्हा एकदा जरी असं झालं तर मैदान बंद, फोल्डिंग खात्यात बदली. फोल्डिंग खातं म्हणजे पंख्याखाली, ट्यूबलाइटखाली बसून चादरींच्या घड्या घालायच्या. माझ्या हिशेबी हे बक्षीस होतं. मी कार्ड घेऊन मोठ्या आनंदाने त्याच्याकडे गेलो.

“व्यंकय्या, आत्ताच का बदली घेत नाही? सावलीचं काम आहे.”

“सायब, तुमी कधी ट्यूबलाइटखाली लाल रंग बघितलाय?”

“रोज बघतो.”

“न्हाय बघितला. तितं लाल बी लाल न्हाय, निळा बी निळा न्हाय. सगळं आजारी मानसासारखं दिसतंय. माझा बाप रंग करत होता, मी रंग बघत आलोय. तितं बसून मी काय बघू?” मग बोटं दाखवली. “तीन उन्हाळे राहिलेत नोकरीचे. तीन. ते उभ्यानं काढायचेत.”

नोकरी वर्षांत मोजणारी माणसं मी पाहिली होती, उन्हाळ्यांत मोजणारा हा पहिलाच. ते तीन उन्हाळे त्याने उभ्याने काढावेत असं मला मनापासून वाटलं आणि त्याच क्षणी माझ्यातला बी.एस्सी. जागा झाला.

विचार सरळ होता. माणूस तापतो, बर्फ गार असतो, म्हणून माणसाला बर्फात गुंडाळावं. स्टेशनजवळच्या एका सीट-कव्हरवाल्याकडून काळ्या रेग्झिनचं जाकीट शिवून घेतलं. पुढे-मागे मिळून बारा खिसे. बर्फाचं पाणी गळू नये म्हणून गळा, काखा, कंबर सगळीकडे घट्ट नाडी. सीट-कव्हरवाला विचारत होता, “हे कुठल्या गाडीचं?” मी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. त्याने काम चांगलं केलं. एक थेंब बाहेर येणार नाही असं शिवलं.

त्या दिवशी बर्फाच्या फॅक्टरीतून अर्धी लादी आणून, फोडून, बाराही खिसे भरले आणि मैदानात जाऊन उभा राहिलो. पहिली दहा मिनिटं माझे दात वाजत होते. सोलापुरात मे महिन्यात दात वाजवणारा मी पहिला माणूस असणार. मी व्यंकय्याला म्हणालो, “ब-ब-बघा, थंडी वाजतेय.” तो बघत होता. मग बर्फ वितळला. मग ते पाणी कोमट झालं. मग गरम झालं. काळं रेग्झिन वरून तापत होतं आणि आतला घाम बाहेर जायला कुठे फट नव्हती. चुलीवर झाकण ठेवून शिजवतात तसा मी शिजत होतो, आणि माझं लक्ष मात्र व्यंकय्याच्या चेहऱ्यावर, त्याला पटतंय की नाही इकडे.

पुढचं सांगितलंच आहे.

व्यंकय्याने नाड्या दातांनी तोडून जाकीट सोडवलं, मला दोन लडींच्या सावलीत ओढलं, हौदातलं पाणी अंगावर मारलं आणि एका कोरड्या लडीने वारा घालत बसला. शुद्ध आल्यावर गाडग्यातली आंबील पाजली, मीठ घातलेली. डॉक्टर आले, नाडी बघितली, आणि व्यंकय्याला म्हणाले, “शाब्बास.” मला काहीच म्हणाले नाहीत. ते गेल्यावर व्यंकय्या म्हणाला, “सायब, कातड्याला बी श्वास लागतोय की. तुमी त्याचं नाक दाबलं.”

गिरणीत मला ‘लालसाहेब’ नाव पडलं. रंग त्याने सांगितल्याप्रमाणे आठ दिवस टिकला. नाव जरा जास्त टिकलं.

नवव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. शहराच्या पूर्व भागात, जिथे गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट येतो, तिथे दोन खोल्या. दारात त्याची बायको लक्ष्मम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. विड्या वळणारी बाई तुमच्याकडे न बघता तुम्हाला पूर्ण बघते, हे मला तिथे कळलं.

“हेच का ते?” तिने नवऱ्याला विचारलं.

“हेच.”

“रंग गेला की.” जरा निराश झाली. “बसा सायब.”

मी आभार मानायला आलोय म्हणालो. व्यंकय्या म्हणाला, आभार राहू द्या, ते बर्फाचं डोस्कं जरा हिकडं चालवा. आणि आतून एक वस्तू काढून आणली. बिनबाह्यांची बंडी. गिरणीतल्या डागी टर्किश टॉवेलची, दोन पदरी, दोन पदरांच्या मधे सुताचा गुंता अंथरून वरून गोधडीसारखे टाके घातलेले. मानेच्या मागे एक आडवा खिसा, त्यातही सूत भरलेलं. दोन्ही कुशी उघड्या, नुसत्या बंदांनी बांधायच्या. ही त्याने गेला उन्हाळा संपल्यावर, दवाखान्यातून आल्यावर सुचवली होती आणि लक्ष्मम्माने विड्यांतून वेळ काढून शिवली होती. हौदात बुडवायची, पिळायची नाही, नुसती निथळू द्यायची, आणि घालायची. सुकत आली की पुन्हा बुडवायची.

म्हणजे मी बारा खिशांचं जाकीट शिवत होतो तेव्हा हे घरात तयार होतं!

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इच्यारलं न्हाय की. तुमी सांगत होता.”

मी बंडी हातात घेऊन म्हणालो, “पण साध्या पाण्याने कितीसं गार होणार? बर्फाचं पाणी वापरलं तर?”

लक्ष्मम्माने विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हटलं, “नीळ्ळु कादु. गाली.”

“काय म्हणाल्या?”

“पानी न्हाय, वारं,” व्यंकय्या म्हणाला. “गार वारं करतंय. पानी फकस्त वाऱ्याला बोलवायला. म्हनून कुशी उघड्या ठेवल्यात. वाऱ्याला घरात यायला दार नको?”

मी परीक्षेत बाष्पीभवनावर पूर्ण मार्क मिळवलेला माणूस. तो धडा मला त्या दारात पहिल्यांदा समजला. हे मी त्यांना सांगितलं नाही. उलट मान डोलावून “बरोबर आहे” असं म्हणालो, जसं काही मीच त्यांची परीक्षा घेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून व्यंकय्या बंडी घालून मैदानात. मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून बघून यायचो. डांबर वितळत होतं, कावळे चोची उघड्या टाकून भिंतीच्या सावलीत बसलेले, आणि हा बाबा लडी फिरवतोय, मधेच हौदावर जातोय, बंडी बुडवतोय, आंबील पितोय. सोलापूरचा वारा म्हणजे कोरडा ठणठणीत, भट्टीतून आल्यासारखा. पण त्याच्या ओल्या बंडीत शिरला की गार होऊन बाहेर यायचा. एकदा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघितला. माठाला हात लावल्यासारखं वाटलं.

“कसं वाटतंय?”

“लगीन झाल्यासारखं,” तो म्हणाला. मग विचार करून, “पयल्या म्हैन्यात.”

आठवड्याभरात मैदानातल्या बाकीच्या सहाजणांच्याही बंड्या झाल्या. लक्ष्मम्मा बेतून द्यायची, ज्याची त्याची बायको शिवायची. एकजणही त्या महिन्यात आडवा झाला नाही. इथे मी थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर मी वेल्फेअर ऑफिसर झालो असतो.

पण मला मागखातं दिसलं. तिथे दोनशे माणसं उघड्या अंगाने घामाने निथळत उभी. मैदानात सातजणांचं कल्याण झालं, इथे दोनशेंचं होईल! मी व्यंकय्याला विचारलं. म्हणजे पुन्हा, सांगितलंच.

तो लडी कानाशी धरून उभा होता. ती खाली केली. “तितं नको सायब.”

“का?”

“तितं वारं न्हाय. फवारे हायत.”

मागखात्यात छपराखाली बारीक नळ्या असतात आणि त्यांतून दिवसभर पाण्याचा धुरळा उडत असतो. हवा ओली नसेल तर ताण्याचं सूत कडक होतं, तटातट तुटतं. म्हणून मुद्दाम हवा दमट ठेवतात. हे मला माहीत होतं. मी म्हणालो, “उलट बरंच की! फवाऱ्याने बंडी आपोआप ओली राहील. हौदावर जायलाच नको.”

व्यंकय्याने हातातली लडी पुन्हा बांबूवर टाकली. मग “तुमी शिकलेले हाव,” एवढंच म्हणाला आणि लडी फिरवायला गेला. ह्या वाक्याचा अर्थ ‘बरं, करा’ असा मी घेतला.

दहा नव्या बंड्या मी शिवून घेतल्या आणि स्वतः भिजवून मागखात्यात नेल्या. गफूर म्हणून एक जॉबर होता, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, दणकट, हसरा गडी. त्याने पहिली घातली. पाच मिनिटं बरी गेली. मग बंडी अंगाइतकी गरम झाली आणि तशीच राहिली. सुकायचं नाव नाही. हवेतच इतकं पाणी, की बंडीतलं पाणी जाणार कुठे?

“क्या साब,” गफूर मागांच्या आवाजावर ओरडला, “पोटीस बांदे क्या हमकू?”

“थोडा धीर धरा, गफूरभाई. वारा आला की...”

“किदर से आता वारा? खिडक्यां बंद हैं!”

आणखी थोड्या वेळाने तो मागाला धरून उभा राहिला. “चक्कर आरी मेरेकू,” म्हणाला आणि वाकला. वाकला तेव्हा बंडीतलं पाणी मागावरच्या चादरीवर सांडलं. शेजारच्या मागावर दुसऱ्या बंडीने तेच केलं. लाल पट्ट्याचा रंग पांढऱ्यावर पसरला. पक्का रंग म्हणत होते तो. गफूरला आम्ही बाहेर नेलं, बंडी काढली, दारातला वारा लागला तसा तो पाच मिनिटांत उठून बसला आणि हसायलाही लागला. चादरी मात्र उठल्या नाहीत.

मॅनेजरसाहेब आले. दोन्ही चादरी बघितल्या. मग मला बघितलं. आवाज न चढवता बोलणारा माणूस होता, म्हणून जास्त भीती वाटायची. “उद्यापासून ह्या गिरणीत कुणाच्याही अंगावर ओलं कापड दिसता कामा नये. कुठल्याही खात्यात.”

“साहेब, मैदानात तर...”

“कुठल्याही.”

त्या संध्याकाळी मी सुटीच्या भोंग्यानंतर मैदानाकडे गेलो, तेव्हा व्यंकय्याला हुकूम कळलेला होता. हौदाच्या काठावर बसून बंडीच्या मानेच्या खिशातलं सूत नखाने सारखं करत होता. मृगाला अजून तीन आठवडे होते. बंडीशिवाय तीन आठवडे. आणि एकदा जरी पडला तर ट्यूबलाइट.

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला. एवढ्या तत्परतेने माझ्याशी कुणी सहमत झालं नव्हतं. मग म्हणाला, “माझी बी झाली. ‘नको’ म्हनलं, पन हळू म्हनलं. वरडायला पायजे होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कधी नव्हे तो ऑफिसच्या दारात उभा. धुतलेलं धोतर, सुकं पागोटं, हातात दोन ओल्या लडी. मला म्हणाला, “चला.” मी मागोमाग. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये पाणी टपटपत शिरला. ते फरशीकडे बघतायत तोवर ह्याने बोलायला सुरुवात केली.

“सायब, दोन लडी हायत. एकाच हौदातल्या. एक मागखात्यात टांगायची, एक माझ्याकडं. दुपारच्या जेवणाच्या भोंग्याला दोन्ही बघायच्या.”

“कशासाठी?”

“जितं लडी वाळती तितं ओल्या बंडीत मानूस गार ऱ्हातो. जितं लडी वाळत न्हाय तितं मानूस उकडतोय. मी चाळीस वर्सं लडी वाळवतोय सायब. मानसाचं बी तसंच हाय. मानूस म्हंजे काय, ओली लडीच की.”

मॅनेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “आणि काल मागखात्यात बंड्या न्यायची अक्कल कुणाची?”

मी घसा साफ केला. पण व्यंकय्या आधी बोलला. “बंडी माझी हाय सायब. कुटं घालायची, कुटं न्हाय, ते मीच सांगायला पायजे होतं. ह्यांना ऊनच म्हाईत न्हाय. कोल्हापूरचे हायत.”

मॅनेजरसाहेब हसले नाहीत, पण मिशी हलली. म्हणाले, “टांग लडी.”

ती दुपार मला अजून आठवते. हुकूम तसाच होता, म्हणून व्यंकय्या बंडीशिवाय मैदानात. बंडी बांबूवर टांगलेली, लडींच्या ओळीत. तो मात्र रोजच्यासारखा फिरवतोय. मी भिंतीच्या सावलीत उभा राहून एकच बघत होतो, त्याचा घाम. घाम आहे तोवर ठीक, हे एव्हाना मला कळलं होतं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तो हौदावर जरा जास्त वेळ थांबायला लागला. एकदा बांबूला हात टेकून उभा राहिला. मी धावलो.

“मामा, बसा. पुरे झालं.” त्याला मामा मी पहिल्यांदाच म्हटलं.

“बसलो तर पडलो म्हनतील,” तो म्हणाला. कपाळ ओलं होतं. “तुमी सावलीला जावा. तुमी पडला तर लडी कोन बघनार?”

तेवढ्यात भोंगा झाला आणि मॅनेजरसाहेब खरोखरच आले, छत्री उघडून. मागखात्यातली लडी एक शिपाई घेऊन आला, तिच्यातून अजून थेंब पडत होते. मैदानातली लडी व्यंकय्याने काढली, कानाशी चोळली, आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनीही कानाशी नेली. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण बराच वेळ ऐकत होते. मग टाय सैल केला, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाले, “ती बंडी आण इकडे.”

ती बांबूवर टांगल्या टांगल्या कोरडी ठणठणीत झाली होती. व्यंकय्याने ती बुडवली, निथळवली आणि गिरणीच्या मॅनेजरच्या इस्त्रीच्या शर्टावर चढवून कुशीचे बंद बांधले. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. वारा सुटलेलाच होता. त्यांनी हळूच पाठ वाऱ्याकडे केली. मग छत्री मिटवून शिपायाकडे दिली.

“मैदानात चालेल,” ते म्हणाले. “फक्त मैदानात.” आणि माझ्याकडे बोट करून, “ह्यांना मागखात्याच्या आत सोडू नका.”

बंडी काढून देताना जरा रेंगाळले, हे मी पाहिलं आहे.

व्यंकय्याने बंडी घेतली, पुन्हा बुडवली, घातली आणि डोळे मिटून क्षणभर उभा राहिला. मग वर बघून म्हणाला, “चल म्हाताऱ्या. आता ये.”

तो उन्हाळा गेला. दुसरा गेला. दुसऱ्यानंतर मी गिरणी सोडली, किंवा गिरणीने मला सोडलं, दोन्ही बाजूंनी गोडीगुलाबीने. पुण्याला एका कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या एजन्सीत विक्रेता म्हणून लागलो. न चुरगळणारं, न विटणारं, इस्त्री न लागणारं कापड. त्याचाच सफारी सूट घालून गावोगाव हिंडायचं, म्हणजे चालती जाहिरात.

असाच दशक संपता संपता एका एप्रिलात सोलापूरला आलो. स्टेशनपासून पूर्व भागापर्यंत चालत जाऊ, दहा मिनिटांचं तर आहे, असं ठरवलं. ते दहा मिनिटांचं नाही.

व्यंकय्या गल्लीत होता. शेजारच्या हातमागवाल्याच्या लडी दोन भिंतींमधल्या बांबूवर टाकून फिरवत होता. हिरव्या, पोपटी. अंगात तीच बंडी, आता इतकी ठिगळं लावलेली की मूळ टॉवेल कुठला ते सांगता आलं नसतं. मिशा पिकून कापूस झाल्या होत्या. ताठ होता. मला बघून लडी कानाशी नेली, ऐकली, टांगली, आणि मग म्हणाला, “या सायब.”

“तिसरा उन्हाळा?”

“उभ्यानं,” तो म्हणाला. तीन बोटं वर केली आणि एकेक करून मिटली. “शेवटच्या दिवशी डॉक्टरला बोलावून कार्ड दाखवलं. म्हनलं, ह्याच्यावर लिवा, पडला न्हाय.”

“लिहिलं?”

“लिवलं की. फ्रेम केलंय. आत हाय.”

मला आत जाऊन बघायचं होतं. पण मला गल्ली जरा वाकडी दिसायला लागली होती. सफारी अंगाला चिकटून बसला होता, पाठीवरून घामाच्या धारा आत कुठेतरी जमत होत्या, आणि कान वाजत होते. व्यंकय्याने माझ्याकडे एकदा बघितलं. आणि न विचारता आपल्या अंगातली बंडी सोडली, दारातल्या बादलीत बुडवली आणि माझ्या गळ्यात टाकली. लडी घेऊन वारा घालायला लागला.

लक्ष्मम्मा सूप बाजूला ठेवून उठली. जवळ आली, माझ्या सफारीची बाही दोन बोटांत धरली, चोळली, कानाशी नेल्यासारखं केलं आणि सोडून दिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली:

“जाकीट तेवढं नवं आनलंय. आतलं मानूस तेच हाय.”